हाक

दिवा राहू दे. डोळे सरावतात थोड्या वेळाने. आणि गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेल्यांनी आत या बघू. मधेच कोणी दचकून खाली गेलं, तर तुमच्या आयांना तोंड मला दाखवायचंय.

तुम्ही भुताची गोष्ट मागितलीत. ती मला येत नाही. मला भिंगरीची गोष्ट येते. तिला काय म्हणायचं ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा. दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेले असता सगळे, त्यातलं मला कळतं त्याहून तुम्हाला जास्तच कळेल.

भिंगरी म्हणजे माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तो. मधली भिंत इतकी पातळ, की तो शिंकला की माझ्याकडची घड्याळं एक ठोका चुकतात. देहाने चांगला ऐसपैस, पण स्कूटरला किक मारली की कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, म्हणून भिंगरी. हाताला गुण आहे त्याच्या. तोंडाला मात्र कुलूप नाही. काय बिघडलंय ते सांगायला गिऱ्हाईक तोंड उघडतं, तोवर याचं निदान सांगून झालेलं असतं. मी त्याला म्हणायचो, तुझ्या बडबडीला कंटाळूनच ती यंत्रं चालू होतात.

तर, गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. दुकान बंद करताना त्याने माझ्या दारातून डोकं आत घातलं.

"काका, मी जरा ताईंकडे जाऊन येतो. त्यांचा कॉम्प्युटर सारखा म्हणतोय, रिस्टार्ट करा, रिस्टार्ट करा. कुठल्यातरी ड्रायव्हरचा घोळ असणार. दहा मिनिटांचं काम."

"मग उद्या सकाळी जा की."

"सकाळी तो म्हणतच नाही ना. रात्रीच म्हणतो." आणि हसला. "त्यालाही रात्रपाळी लागलीय."

इथून पुढचं मला त्याने सांगितलंय. अगदी शेवटचं तेवढं मी पाहिलंय.

या ताई बस स्थानकामागच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. खाली दोन खोल्या, वर एक, मधे लाकडी जिना. पन्नाशीच्या असतील. काम काय, तर दूरदेशीच्या डॉक्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाईप करून द्यायचं. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र, म्हणून त्यांचं काम रात्रीचं. लग्न केलं नाही. थोरल्या भावाबरोबर राहायच्या. त्या भावाला सगळे दादाच म्हणायचे.

दादा म्हणजे बस स्थानकावरचा आवाज. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, कुठली उशिरा येतेय, हे लाउडस्पीकरवरून सांगायचे. माणूस पाहिलेला नाही, पण आवाज ओळखीचा, असं गावातल्या प्रत्येकाचं. मग त्यांना नसांचा आजार झाला. आणि नशिबाची थट्टा बघा, पहिल्यांदा गेला तो आवाज. मग पाय. मग हात. शेवटी सगळ्या देहातलं एकच काय ते हलायचं, उजव्या हाताचा अंगठा.

भिंगरीने त्या अंगठ्यासाठी बटण करून दिलं होतं. मुठीत मावेल एवढी डबी, वर लाल बटण. तिची वायर दादांच्या खोलीतून जिन्याच्या कडेकडेने खाली आणून ताईंच्या कॉम्प्युटरला जोडली. वर बटण दाबलं, की खाली ताईंच्या हेडफोनमध्ये घंटी. एकदा वाजली म्हणजे हो. दोनदा वाजली म्हणजे नाही. आणि लांबलचक वाजली म्हणजे, ये. कॉम्प्युटरला काहीही जोडलं की तो आधी विचारतो, हे कोण? त्याला कळण्यासाठी एक ड्रायव्हर लागतो, म्हणजे दोघांमधला दुभाषी म्हणा. तोही भिंगरीने एका मित्राकडून लिहून घेतला. उपकरणाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने नाव दिलं, हाक.

दादा त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. झोपेतच गेले, असं भिंगरीने ऐकलं होतं.

आता या सगळ्याचा त्या शुक्रवारी त्याला काही विचारही नव्हता. गल्लीच्या तोंडाशी खोदकाम चाललेलं, म्हणून त्याने खड्ड्याला वळसा घालून स्कूटर आत नेली, ताईंच्या फाटकाशी उघड्यावरच लावली आणि बेल वाजवायला हात वर केला. त्याआधीच दार उघडलं.

"या भाऊ. जेवलात?"

"घरी जाऊन जेवणार. बायको ताट झाकून बसलीय. कुठाय आपला रुग्ण?"

पुढच्या खोलीतच टेबल. टेबलाखाली कॉम्प्युटर, वर पडदा, बाजूला प्रिंटर, खाली पायाने दाबायचं पेडल. डॉक्टर भरभर बोलायला लागला की पेडल दाबून त्याला थांबवायचं. कपात गार झालेला चहा. ताईंच्या गळ्यात हेडफोन. चेहरा उतरलेला.

"कधीपासून म्हणतोय हा असं?"

"दिवस लहान व्हायला लागले, तेव्हापासून. कामाला बसले, कानाला हे लावलं, की थोड्या वेळाने येतो तो चौकोन. यंत्र पूर्ण बसवण्यासाठी रिस्टार्ट करा. आत्ता की नंतर."

"मग करून टाकायचं ना आत्ता. जातो तो."

"मी नंतर म्हणते."

"रोज?"

"रोज."

"पण रात्री बंद तर करत असाल?"

"बंद करते. दुसऱ्या दिवशी चालू करते."

भिंगरीला विषय मिळाला. "तिथेच तर गंमत आहे ताई! बंद करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. बंद केलं की हा हल्लीचा विंडोज अर्धा डोळा उघडा ठेवून झोपतो. लवकर उठता यावं म्हणून. आधीचं पुष्कळसं मनात तसंच ठेवतो. सगळं सोडून खरा नव्याने उठतो तो फक्त रिस्टार्ट म्हटल्यावर. अडकलेलं काम तेव्हाच पूर्ण होतं."

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "म्हणूनच नाही केलं."

हे वाक्य त्याच्या कानावरून गेलं. आत शिरलं नाही. तो टेबलाखाली घुसलासुद्धा होता.

पहिला संशय पेडलवर. जुनं झालेलं, वायर सैल. सैल जोड असला की कॉम्प्युटरला वाटतं, कोणी गेलं, कोणी आलं, आणि दर वेळी तो नव्याने ओळख करून घ्यायला जातो. भिंगरीने पेडल उपसलं. स्पीकरमधून उतरता सूर वाजला. हेडफोनमध्ये फक्त डॉक्टर आणि घंटी, बाकीचे सूर स्पीकरवर, अशी सोय त्यानेच करून दिलेली. तुम्ही ऐकलाय तो सगळ्यांनी. काही काढलं की उतरता, काही जोडलं की चढता. मग प्रिंटर काढला. उतरता. कॅमेरा काढला. उतरता. कीबोर्ड, माऊस आणि हेडफोन, एवढंच ठेवलं. अपडेटचा इतिहास उघडून पाहिला. गेल्या कित्येक महिन्यांत एकही नवा ड्रायव्हर आलेला नव्हता. अपडेटमधून ड्रायव्हर आपोआप येणंही बंद करून टाकलं.

"आता येऊन दाखव म्हणावं," तो म्हणाला. "बसा तुम्ही नेहमीसारख्या. लावा कानाला."

ताई बसल्या. तो बाजूच्या स्टुलावर. आणि अर्थातच बोलत सुटला. गल्लीतल्या खोदकामावर बोलला, स्वतःच्या गुडघ्यावर बोलला. मधे बायकोचा फोन आला. "तुमची दहा मिनिटं कोणत्या घड्याळातली असतात?" असं तिने विचारलं, ते कानाला हेडफोन असूनही ताईंना ऐकू गेलं आणि त्या जराशा हसल्या. त्याने फोन ठेवला.

आणि चढता सूर वाजला.

भिंगरीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एका हातात फोन. दुसरा मांडीवर. ताईंचे दोन्ही हात कीबोर्डवर. खोलीत तिसरं कोणी नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन आला होता. 'हाक' हे उपकरण पूर्ण बसवण्यासाठी कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच भिंगरीचं तोंड बंद झालं.

मग त्याने घसा खाकरला. "जुना ड्रायव्हर राहिलाय आत. दुसरं काही नाही. माणूस घर सोडून गेला तरी दारावरची पाटी राहते ना, तसं. काढून टाकतो." आणि मग सावकाश, "ती वायर कुठेय, ताई?"

ताईंनी कपाटातून वायरचं वेटोळं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. एका टोकाला कॉम्प्युटरला लावायचा जोड. दुसरं टोक तुटलेलं. कात्रीने कापल्यासारखं.

"आणि बटण?"

"मूठ उघडेना त्याची," ताई म्हणाल्या. "आम्ही खूप प्रयत्न केला. मग मी वायर कापली. बटण त्याच्याबरोबरच गेलं."

भिंगरीने ते वेटोळं हळूच जमिनीवर ठेवलं. पायाने थोडं लांब सरकवलं.

मग त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला. तुम्हाला माहीत असेल, त्यात कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांची नावं दिसतात. आणि लपलेली यंत्रं दाखव म्हटलं, की पूर्वी कधी जोडलेली होती पण आता नाहीत, तीही दिसतात. ती फिकट. राखेच्या रंगाची. जुना माऊस, जुना प्रिंटर, कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह. सगळे फिकट. त्यातच खाली, हाक.

"हे बघा," त्याने बोट ठेवलं. त्याला धीर आला होता. "फिकट आहे. म्हणजे होतं कधीतरी. आता नाही. इतकं साधं आहे."

बोट अजून पडद्यावर होतं.

चढता सूर वाजला.

आणि त्याच्या बोटाखाली ते नाव गडद झालं. बाकीची सगळी फिकटच. एवढं एक... काळंभोर. म्हणजे जोडलेलं. म्हणजे आत्ता, या क्षणी, आहे.

भिंगरी गुडघ्यावर बसला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात घालून एकेक भोक चाचपलं. कीबोर्ड. माऊस. हेडफोन. बाकीची रिकामी. एका रिकाम्या भोकावर त्याने अंगठा ठेवला आणि पटकन काढला. मला म्हणाला, काका, ते गरम होतं. बाकीची गार, आणि ते एक गरम.

तो वर आला तेव्हा ताई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, भाऊ. त्या रात्रीचं."

"दादा गेले त्या रात्रीचं? झोपेत..."

"झोपेत नाही."

बाहेर गल्लीत एक कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं.

"त्या संध्याकाळी अपडेट आलं होतं," ताई म्हणाल्या. "मी कामाला बसले आणि हाच चौकोन आला. हाच मजकूर. मी तुम्हाला फोन केला. आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. दिवसाला पन्नास फोन येतात त्याला.

"तुमच्याकडे मागे मॅच चालू होती. आरडाओरडा ऐकू येत होता. मी विचारलं, रिस्टार्ट करू का आत्ता? माझं अर्ध्यावरचं काम जाईल. तुम्ही म्हणालात..."

आणि मग आठवलं. घरी पाहुणे आलेले, शेवटची ओव्हर, फोन खांद्याला दाबून धरलेला. आपला आवाज त्याला जसाच्या तसा ऐकू आला. नंतर म्हणा हो ताई. काही होत नाही.

"मी नंतर म्हटलं," ताई म्हणाल्या. "काम तातडीचं होतं. पहाटेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसले होते. एकदाही घंटी वाजली नाही. मला वाटलं, आज त्याला छान झोप लागलीय. बरं वाटलं मला. उजाडताना रिस्टार्ट केलं आणि चहा घेऊन वर गेले. तर डोळे दाराकडे. अंगठा बटणावर दाबलेला. इतका, की नख पांढरं... तो रात्रभर हाक मारत होता, भाऊ. रिस्टार्ट झाल्याशिवाय बटण चालणारच नव्हतं."

भिंगरीने जमिनीवरच्या वायरच्या वेटोळ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला दोष देत नाही मी. नंतरचं बटण तर मीच दाबलं. फक्त, हे काढून टाका. मला रोज रात्री तो विचारतो, आत्ता की नंतर. आणि मी रोज नंतर म्हणते. परत परत तीच रात्र... माझ्याच्याने होत नाही आता."

त्याने माऊस हातात घेतला. त्या गडद नावावर टिचकी मारली. उपकरण काढून टाका. ड्रायव्हरही पुसून टाका. हो. हो.

पडदा क्षणभर गोठला. मग चौकोन आला. बदल पूर्ण करण्यासाठी कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. आत्ता. नंतर.

बसवायचं तरी रिस्टार्ट. काढायचं तरी रिस्टार्ट. दार एकच होतं.

"ताई?"

"करा," त्या म्हणाल्या.

त्याने आत्ता दाबलं.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते. मागे जिना दिसत होता. भिंगरीने जिन्याकडे न बघायचं ठरवलं. पंखा गुरगुरला. ठिपके गोल फिरायला लागले. फिरत राहिले. नेहमीपेक्षा फार वेळ. मग उजेड आला.

कोपऱ्यात छोटा चौकोन. यात बटणं नव्हती. विचारणं संपलं होतं.

'हाक' वापरासाठी तयार आहे.

"मी पुसलं होतं," भिंगरी म्हणाला. "तुमच्यासमोर पुसलं..."

हेडफोन टेबलावर पडलेले होते. त्यातून बारीक आवाज यायला लागला. डासासारखा. ताईंनी हेडफोनची पिन उपसली, आणि आवाज स्पीकरमधून सगळ्या खोलीत भरला.

घंटी. लांबलचक. थांबेचना.

ये.

ताई उठून उभ्या राहिल्या. जिन्याच्या तोंडाशी गेल्या. वर अंधार होता. दादांच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं, तसंच होतं.

"दादा?"

घंटी थांबली. मग एकदा वाजली.

हो.

भिंगरीने स्टुलाची कड घट्ट धरली. त्याला पळायचं होतं, पण दार ताईंच्या पलीकडे होतं. आणि जिनाही.

"पाणी हवंय तुला?"

दोनदा. नाही.

"रागावलायस माझ्यावर?"

शांतता. खूप वेळ. मग... दोनदा. नाही.

ताईंच्या तोंडून हुंदका फुटला. जिन्याचा कठडा धरून त्या खालच्या पायरीवर बसल्या. "मी येऊ का वर?"

दोनदा.

"मग? मी यायचं नाही, तर मग..."

त्यांनी मान वळवली. भिंगरीकडे पाहिलं. त्यांना म्हणायचं नव्हतं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. पण घंटीने वाट पाहिली नाही.

एकदा.

हो.

आणि मग लांबलचक.

मला सांगताना इथे तो थांबला होता. मी म्हटलं, अरे, सरळ दाराबाहेर पडायचं ना! तर म्हणाला, काका, मी एकदा म्हटलं होतं ना नंतर. दुसऱ्यांदा कसं म्हणू?

तो जिना चढला.

लाकडी पायऱ्या. प्रत्येक पायरी वाजत होती. खाली घंटी चालूच होती. त्याने दार ढकललं, आणि घंटी बंद पडली.

खोलीत नुसता पलंग. गादीही नव्हती. खिडकी बंद. मलमाचा वास... आठ महिन्यांनंतरही. दिव्याचं बटण कुठे आहे ते त्याला माहीत होतं, दाराच्या उजव्या हाताला. त्याने हात नेला. पण दाबलं नाही. दिवा लागला असता, तर काहीतरी दिसलं असतं. किंवा काहीच दिसलं नसतं. दोन्ही त्याला झेपलं नसतं.

"दादा," तो म्हणाला. "मी आलोय."

काही नाही.

"मी मॅच बघत होतो."

काही नाही.

"मला माहीत नव्हतं, दादा. मी काही होत नाही म्हणालो... मला माहीत नव्हतं."

अंधारात काहीच हललं नाही. पण खोली रिकामी असते ना, तेव्हा आपल्याला कळतं. ही रिकामी नव्हती. कोणीतरी ऐकत होतं. ज्याला बोलता येत नाही ते माणूस जसं ऐकतं, तसं. सगळं अंग कान करून.

तो हात जोडून उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग खालून सूर वाजला.

उतरता.

तो वळला. जिना उतरायला लागला. एक पायरी. दुसरी. तिसरी उतरला तेव्हा... वरची एक वाजली. तो थांबला. वरचीही थांबली. लाकूड जुनं आहे, उशिरा वाजतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि मागे न बघता उरलेल्या पायऱ्या उतरला.

ताई पडद्यासमोर उभ्या होत्या. "बघा," त्या म्हणाल्या.

जुना माऊस होता. जुना प्रिंटर होता. पेन ड्राइव्ह होते. हाक नव्हतं. गडद नाही, फिकट नाही. नावच नव्हतं. भिंगरीने सगळीकडे शोधलं. ज्या नोंदी सहसा कोणी उघडत नाही, त्याही उघडल्या. जणू ते यंत्र त्या कॉम्प्युटरला कधी जोडलंच नव्हतं.

"गेला," ताई म्हणाल्या. आणि मग मनमोकळ्या रडल्या.

मग त्यांनी त्याला विनवलं, उजाडेपर्यंत थांबता का. त्याने बायकोला फोन करून काहीतरी थाप मारली. ताईंनी चहा केला. दोघं वाट बघत बसले. कॉम्प्युटर चालूच ठेवलेला. घंटी नाही, सूर नाही, चौकोन नाही. ताईंना खुर्चीतच झोप लागली. मार्चपासूनची ती त्यांची पहिली सलग झोप. आणि सांगून ठेवतो, त्यानंतर त्या घरात आजतागायत काहीही झालेलं नाही. ताई आता दिवसाचं काम घेतात. परवा माझ्याकडे घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या होत्या, हसून बोलल्या.

तिकडे जे काही होतं, ते संपलं.

मी सकाळी दुकान लवकर उघडतो. त्या शनिवारी कुलूप काढत होतो, तर लांबून भिंगरी येताना दिसला. स्कूटर ढकलत. तो घामाघूम झालेला, त्या थंडीत.

"काय रे, पेट्रोल संपलं?"

त्याने मान हलवली. नाही.

"बंद पडली?"

नाही.

"मग बसून यायचं सोडून हे काय?"

त्याने स्कूटर माझ्या दारात स्टँडवर लावली आणि मागे सरकला. नुसतं बोटाने दाखवलं.

रात्रभर दहिवर पडलेलं होतं. मोठं. गल्लीतल्या पत्र्यांवरून अजून थेंब गळत होते. स्कूटर ताईंच्या फाटकाशी रात्रभर उघड्यावर होती, ती अशी निथळत होती, की जणू आत्ताच नदीतून काढलीय. हँडलवर थेंब. आरशावर थेंब. दिव्याच्या काचेवर थेंब. पुढच्या सीटवर पाण्याचं तळं.

मागची सीट कोरडी होती.

कोरडी ठक्क. माणूस बसतो तेवढीच. आणि दोन्ही बाजूंची पाय ठेवायची जागा... तीही.

मला वाटलं, पुसली असेल याने. मी हात लावून पाहिला.

गरम होती.